उजव्या छातीचं ऑपरेशन

धंतोली, नागपूर

माय,

तुले अन् बाबाले पाया पडतो. फोनवर तू रडाले लागतं, मग मलेही बोलता येत नाही, म्हणून लिहून राहिलो. आपली धाकटी काजल वाचून दाखवते.

काल धर्मेंद्रमामा मले डॉक्टरकडे घेऊन गेले. शर्ट काढाले मी लाजलो. मामा म्हणाले, "काढ गा, इथं कोण हासते तुले?" डॉक्टरनं माझी उजवीकडची चपटी छाती शांतपणे तपासली. तिथला स्नायू जन्मापासूनच नाही, पण हृदय अन् फुप्फुसं ठणठणीत आहेत, म्हणाले.

त्यायनं तीन उपाय सांगितले: सिलिकॉन बसवता येते, पाठीचा स्नायू पुढं फिरवता येते, नाहीतर पोटाची चरबी काढून तिथं थोडी थोडी भरता येते. पाठीचा स्नायू घेतला तर हाताचा जोर जरा कमी होऊ शकते. बागेत फवारणीचा पंप मलेच उचलावा लागते, म्हणून मी चरबीचं निवडलं. छाती डावीसारखी तंतोतंत होणार नाही, हेही त्यायनं साफ सांगितलं. ऑपरेशन सोमवारी आहे. जेवण बरोबर करून राहिलो. बाबाचा खोकला कसा आहे?

निघताना मी विचारलं, "मी पोटात असताना मायनं ग्रहणात भाजी चिरली होती, म्हणून झालं का हे?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. आईच्या हातून काहीच चुकलेलं नाही."

आजीनं ठेवलेला ठपका तू इतके वर्षं वाहून राहिली, माय. डॉक्टरचं वाक्य काजलले पुन्हा एकदा वाचाले लाव.

तुझा,
अश्विन