ड्रॅगनच्या प्रहरी

सायगॉन
२ डिसेंबर २०००

ती. थामताईस,
दिएपचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. पोट इतकं पुढे आलंय की टेबलापाशी बसलं तर कागदापर्यंत हात पोचत नाही. तू सुचवलेलं टोपणनाव खोईला फार आवडलं. बेडूक! नाव कुरूप असलं की भुतंखेतं बाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं तोही म्हणतो. सासूबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही.

त्यांचं वेगळंच चाललंय. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचं डोकं खाली आहे, तेतचं नववर्ष झाल्यावर महिन्याभरात आपोआप बाळंत होशील. मी हौसेने घरी येऊन सांगितलं, तर सासूबाईंचा चेहराच उतरला. तेत झालं की सापाचं वर्ष लागणार, आणि खोई डुकराच्या वर्षाचा. साप आणि डुक्कर म्हणजे उभा दावा, असं मूल बापाच्या मुळावर येतं, म्हणाल्या. तेव्हा पोट कापून मूल आधीच काढायचं, ड्रॅगनच्या वर्षात, ड्रॅगनच्या प्रहरी, म्हणजे सकाळी सात ते नऊच्या आत. ज्योतिषाकडून दिवसही काढून आणलाय. मी हसले, तर त्या रडायलाच लागल्या. सासरे सापाच्या वर्षाचे होते. खोई रांगायला लागला आणि ते गेले. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तू काय म्हणतेस ते कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
दिएप

सादेक
११ डिसेंबर २०००

चि. दिएप हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि ज्योतिषाला सांग की त्याने आधी स्वतःच्या टकलासाठी चांगला दिवस काढावा. कापण्याला माझा विरोध नाही, बरं का. शेजारच्या हुएचं मूल आडवं होतं, पोट कापलं म्हणून दोघं वाचली. गरज असेल तर कापायचंच. पण तुझं बाळ सुखरूप आहे, फक्त त्याची वेळ झालेली नाही. आम्ही शेवंती तेतच्या बेताने फुलवतो, तरी घाईने पुढे ओढलेल्या कुंड्या बाजारातून परतच येतात.

सासूबाईंची भीती खोटी आहे असं नाही म्हणत मी. जिचा नवरा गेला ती घाबरणारच. पण भीती त्यांची आणि पोट तुझं. मला शब्द दे, थांबशील ना? फुलं विकल्याशिवाय इथून हलता येत नाही. मग येऊन, दूध उतरावं म्हणून डुकराच्या पायांचं पपई घातलेलं सूप तुला रोज पाजीन, कंटाळलीस तरी.

बेडकाला पापा.

थाम

सायगॉन
८ जानेवारी २००१

ती. थामताईस,
सा. न. वि. वि.

शब्द दिला होता, पण तो माझ्याने पाळवत नाही गं.

खोईची मोटारसायकल पुलावरून उतरताना घसरली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचला, हात तेवढा मोडला. सासूबाई नुसत्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. तेव्हापासून बाळ हललं की मला आनंद होत नाही, धस्स होतं. स्वतःच्या बाळाची भीती वाटते, ताई. असं कुणा आईला होतं का?

सरकारी डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं. बाळाची छाती अजून कच्ची आहे, थांब म्हणाल्या. खाजगी इस्पितळातले डॉक्टर मात्र म्हणाले, जरा लवकर आहे, पण होतात अशी मुलं, आणि यंदा ड्रॅगनच्या बाळांसाठी रांगच लागली आहे. खोई म्हणतो, तुला वाटेल ते कर. मी सही केली. येत्या सोमवारी सकाळी.

रागव, पण माया कमी करू नकोस.

दिएप

सादेक
१३ जानेवारी २००१

चि. दिएप हिस,

पत्र आत्ता मिळालं. इस्पितळाचं नाव लिहिलं नाहीस, तुमच्या घरचा फोन कुणी उचलत नाही. हे बसवाल्याच्या हाती देतेय. सही केली असलीस तरी नको म्हणता येतं. त्या टेबलावर झोपेपर्यंत म्हणता येतं. थांब गं.

थाम

सायगॉन
२१ जानेवारी २००१

ती. थामताईस,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी मिळाली, पण सोमवार उलटून गेल्यावर.

मुलगा झाला. ड्रॅगनच्या प्रहरी, सासूबाईंच्या मनासारखा. रडला नाही. काचेच्या पेटीत आहे, यंत्र नळीने त्याला श्वास देतं. नर्सने पाटीसाठी नाव विचारलं. सासूबाईंनी भारदस्त नाव काढून ठेवलं होतं, त्या सांगायला गेल्या, तर मी पुढे होऊन बेडूक म्हटलं. त्यांनी मान डोलावली. तो खरंच बेडकासारखा दिसतो, ताई. पाय तसेच दुमडलेले.

खोई बरा आहे. डाव्या हाताने मला भात भरवतो.

डॉक्टर म्हणतात, एक-दोन दिवसांत नळी काढून बघू. स्वतःचा श्वास घेतला तर घेतला. कधी काढायची, म्हणून मी विचारलं. तुमच्या सोयीने सांगा, म्हणाले.

सासूबाईंना ज्योतिषाकडे पाठवलंय, नळी काढायला चांगला प्रहर कोणता ते विचारायला. त्या जायला तयार नव्हत्या. मला काही विचारायचं नाही आता, म्हणत जिन्यात बसून राहिल्या. टाके ओढत होते, तरी मीच त्यांना हाताला धरून उठवलं आणि दारापर्यंत पोचवलं.

फुलं विकली गेली नाहीत तरी ये.

तुझी,
दिएप