बांधलेला पाय

आई, त्या दिवशी तुझ्या पायावरचं सूत घाईने कापलं नसतं, तर तू वाचली असतीस का? मला माहीत नाही. नर्सिंग शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, तरी याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. शेलार गावातल्या आपल्या घरामागे तू पेंढा काढत होतीस आणि नाग चावला. बाबा कामतघरच्या यंत्रमागावरची शिफ्ट संपवून नुकतेच आले होते. लूमचं सूत त्यांच्या खिशात असायचंच. ते पिळून त्यांनी तुझ्या पिंढरीवर असं आवळलं, की तू कळवळून म्हणालीस, "अवो, पाय हाय माजा, सूत गुंडाळाया लूमचा बीम न्हाय!" रडणाऱ्या शेजारणीही हसल्या. रिक्षात तुझं पाऊल निळं पडत गेलं. दवाखान्यातल्या सिस्टरने ते पाहिलं आणि "अहो, पाय जाईल हिचा," म्हणत कात्रीने सूत कापलं. सलाईन लावलेलं नव्हतं, विषावरची लस अजून फ्रीजमध्ये होती, डॉक्टर यायचे होते. थोड्याच वेळात तुझ्या पापण्या जड झाल्या. तू माझ्याकडे बघायला धडपडते आहेस, आणि डोळे उघडत नाहीत. मग श्वास थांबला.

बाबांनी त्यातून एकच धरून ठेवलं: बांधलं ते बरोबर होतं, सोडलं म्हणून तू गेलीस. टपरीवर, लग्नात, मयतीला, कुठेही ते सांगतात, "घट बांधा. डाक्टरला बी सोडू देऊ नका." त्या एका समजुतीवर ते इतकी वर्षं उभे आहेत. कॉलेजात मला शिकवलं, की मुळात बांधायचंच नसतं. पाय हलू न देता, फळीचा आधार देऊन, लवकर दवाखाना गाठायचा. कुणी बांधून आणलंच, तर लस आणि श्वासाची सोय हाताशी ठेवून, डॉक्टरांसमोर हळूहळू सोडायचं. म्हणजे सिस्टर चुकली, आणि बाबाही. त्या तासाला वर्गात मी लिहायची थांबले होते.

गेल्या आठवड्यात पडघ्याजवळच्या आमच्या दवाखान्यात शेलारची एक बाई आली. पाय सुताने आवळलेला, पाऊल काळं. मी तयारीला लागले तर तिचा नवरा आडवा आला. "सोडू नका, सिस्टर. तुमच्याच बाबांनी सांगितलंय." त्याच्या मोबाईलवर मेलेल्या सापाचा फोटो होता. धामण होती, आई. बिनविषारी. बांधलेलं सूत डॉक्टरांनी सोडलं, पण पुढे मोठ्या रुग्णालयात तिचं पाऊल कापावं लागलं.

काल संध्याकाळी देवळासमोर माणसं बसली होती, बाबाही होते. मी उभी राहून त्या बाईचं सांगितलं आणि म्हणाले, "साप चावल्यावर काही बांधू नका. बाबा सांगतात ते चूक आहे." एक म्हातारे हसले, "शिकली म्हंजे बापाला शिकवाला लागली!" बाबा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "मंग पोरी, तवा मीच...?"

मला खोटंही बोलवेना. "पुढच्याला बांधू नका, बाबा," एवढंच म्हणाले. आज ते न जेवता लूमवर गेले.

तुला पोचणार नाही, म्हणूनच हे लिहिते आहे. घरात, आम्ही दोघंच असताना, सांगता आलं असतं. पण त्यांचं रडणं मला सोसलं नसतं. चारचौघांत ते रडणार नाहीत, हे ठाऊक होतं, म्हणून मी तिथे सांगितलं.