प्लेगातलं कुलूप आणि माझं घर

मी झुंबरबाई भ्रतार कै. ज्ञानू चव्हाण, वय सुमारे पन्नास, धंदा दुधाचा, राहणार उचगाव, तालुका करवीर, लिहून ठेवते की अंगात ताप असला तरी डोकं जाग्यावर आहे. मला कुणी पढवलेलं नाही. उलट चुलत दीर हंबीरराव सोप्यात बसून मुद्दाम खाकरत आहेत, तरी मी सांगते आहे आणि मास्तर लिहीत आहेत.

१. हे घर मी दूध घालून मिळवलेल्या पैशातून माझ्या नावे खरेदी केलं. ते वडिलोपार्जित नाही. ते माझी सून तानाबाई हिला कायमचं देते.

२. यंदा टायफाईडनं माझा मुलगा कृष्णात गेला. पाऊस नाही, रेशनचं धान्य किडकं. तानाबाई रडायला लागली की हंबीरराव म्हणतात, "ह्ये काय साल हाय व्हय? प्लेगात तुझ्या आजेसासूचा दाल्ला गेला, ती रडत बसली न्हाय. तू आपली म्हायेरी जा की. हितं काय हाय तुझं?"

ते साल सासूबाई बायडाबाईंनी मला स्वतः सांगितलं आहे. नवरा गेल्यावर त्या रांगतं पोर घेऊन माळावरच्या झोपडीत राहिल्या. साथ ओसरल्यावर परत आल्या, तर दाराला कुलूप आणि किल्ली दिराच्या कनवटीला. "वैनी, तुमच्या अंगावर रोग हाय, फुडच्या साली बघू." त्यांना ते घर पुन्हा मिळालंच नाही. तो दीर म्हणजे हंबीररावांचा बाप. सासूबाई प्लेगाचं नाव काढून रडत नसत, त्या कुलपाचं नाव काढून रडत. तेव्हा कुठलं साल जास्त वाईट, हे हंबीररावांनी मला शिकवू नये. मला त्यांची भीती वाटते, हेही लिहा मास्तर.

३. म्हैस तानाबाईची. कडबा हंबीररावांच्या गोठ्यात आहे, तो राहू दे. हंबीररावांना माझ्याकडून काही नाही.

४. दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवणार नाही, कारण माझा जीव या पोरीत अडकला आहे. तेव्हा हंबीरराव चारचौघांत हात जोडून म्हणतील, "वैनी, तानाबाईला लेकीसारखी संभाळतो." त्यावर कावळा शिवला, तरी तानाबाई, किल्ली त्यांच्या हातात देऊ नकोस.

झुंबरबाई चव्हाण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
आण्णा बाळा पाटील, शेजारी
अंबादास नृसिंह कुलकर्णी, शिक्षक, शिवाजी पेठ (दस्तुर खुद्द)

उचगाव, ता. ९ सप्टेंबर १९५०