दोन उंचवटे

मारुंजी,
गुरुवार, १७ डिसेंबर २००९

प्रिय मृण्मयी,

नमस्कार. तुझ्या प्रबंधाचं बाड गेल्या महिन्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावली असशील. काकूंच्या तिळाच्या वड्या दोन दिवसांत संपल्या, तेवढं त्यांना सांग. हिंजवडीतली नोकरी ठीक चाललीय. खोली तीच, पण खिडकीसमोरच्या ज्वारीच्या जागी आता सोसायटीचे खांब आहेत. घरमालक कुशाबा अजून तिकडेच तोंड करून चहा पितात.

फोन केला असता, पण फोनवर मी तुला हसवून वेळ मारून नेतो.

तुझी प्रस्तावना काकूंनाही समजेल अशी झालीय. सपाट जाळीवर बसलेले इवले क्वांटम चुंबक, एकआड एक उलट्या तोंडाचे. त्यांच्यातली ओढ बदलत नेली की तेच शेजारी जोड्या करून बसतात. एका शिस्तीतून दुसरीत जाताना झटका बसायलाच हवा, असं जुनं गणित म्हणतं. तू म्हणतेस, हे अवस्थांतर अलगद होतं. पुरावा चौथ्या प्रकरणात: सर्वांत मोठ्या जाळीचा आलेख, त्यात एकच उंचवटा. झटका असता तर दोन्ही शिस्तींचा एकेक, असे दोन दिसले असते.

तो आलेख मी दिलेला आहे.

मे २००७ आठव. विभागातल्या कॉम्प्युटरवर नंबर लागेना, म्हणून ती जाळी मी याच खोलीत माझ्या कॉम्प्युटरवर वीस दिवस चालवली. उंचवटे दोन आले. मी तुला सांगितलं, गुरुवारच्या लोडशेडिंगमुळे गणित मधेच तुटलं, आधीचा भाग बिघडलाय, तो टाकून देतो. राहिलेल्या भागात एकच उंचवटा होता. तू मान्य केलंस, आपल्या मार्गदर्शक सरांनीही केलं. वीज गेली यावर आपल्याकडे कोण शंका घेणार?

बाड वाचल्यावर मी ते पुन्हा चालवलं. या वेळी बॅटरी लावली. बारा दिवस एकदाही खंड पडला नाही. दोनच उंचवटे आले.

परवा इथपर्यंतचं लिहून, अजाणता चूक झाली म्हणून तुझी माफी मागून मी पाकीट बंद केलं होतं. संध्याकाळी कुशाबा दारात आले, बॅटरीला जोडलेल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत. "ह्ये पुना कशापायी लावलंय?" मी जमेल तसं सांगितलं. ते वाकून यंत्र बघू लागले.

"आन् लाईट जायच्या आदी काय दिसत हुतं? तवा बगितलं न्हाई व्हय तुमी?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," म्हणून ते गेले. मला ताट वाढून घेववेना.

मृण्मयी, मी बघितलं होतं. त्या गुरुवारी वीज दहाला गेली. साडेनऊला मी आलेख काढला होता आणि दोन्ही उंचवटे त्यात होते, अगदी स्पष्ट. झटका आहे म्हणजे सगळं पुन्हा करायचं, आणखी एक वर्ष. इथल्या नोकरीवर रुजू व्हायचं पत्र माझ्या टेबलावर होतं. वीज गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

सोमवारी प्रबंध सादर करू नकोस. सोबतच्या सीडीत दोन्ही वेळचं सगळं आहे, साडेनऊच्या फाईलसकट. सरांना वेगळं पत्र आजच टाकतोय. ते बोलावतील तेव्हा रजा काढून येईन.

झटका फार हलका आहे, मोठ्या जाळीशिवाय दिसतच नाही. एवढंसुद्धा मोलाचं आहे, ते तू लिही. पण तुझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपतेय, हे मला माहीत आहे. मी वाचवलेलं वर्ष आता तुला भरावं लागणार, आणि ते मला परत करता येणार नाही. माफ कर असं म्हणायचा धीर होत नाही.

ऋणनिर्देशात तू माझं नाव सर्वांत वर लिहिलंयस, 'ज्याच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विसंबले' असं. ते काढ. चौथ्या प्रकरणात, काय वगळलं आणि कोणी, ते सांगशील तिथे लिही.

निषाद