चालती लाइन हातात देताना

१ नोव्हेंबर १९९७, शनिवार

दुपारी दोनला प्रोग्रामची सुधारित आवृत्ती चढवली. जुना प्रोग्राम बंद, नवा सुरू, मध्ये जेमतेम चार सेकंद. तेवढ्यात हॉस्पिटलातली अकराच्या अकरा टर्मिनलं आडवी. ज्यांचं टाइप करणं अर्ध्यावर होतं त्यांनी पहिल्यापासून.

लॅबच्या तांडेलबाई खाली आल्या. शीव कोळीवाड्याच्या, आवाज बाजारातला, अक्षर मात्र मोत्यासारखं. म्हणाल्या, "सावंत, तुमचा प्रोग्राम सुधारला की माझं काम बिघडतं. तो आहे तसा वाईट राहू द्या ना."

मग सु. साहेबांचं बोलावणं. (सु. म्हणजे सुपरिंटेंडेंट. सुस्वभावी असा समज नको.) पुन्हा टर्मिनलांच्या लाइनी तुटल्या तर कॉम्प्युटर खोक्यात आणि रजिस्टरं टेबलावर. माझं कंत्राटही खोक्यात, हे त्यांनी सांगितलं नाही, पण चष्मा पुसला. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला परळमध्ये दुसरं कोण विचारणार. गिरण्या होत्या तेव्हाही विचारलं नव्हतं.

३ नोव्हें.

मॅन्युअल चाळताना कोपऱ्यात सापडलं: एका चालत्या प्रोग्रामला आपली उघडी लाइन दुसऱ्या चालत्या प्रोग्रामच्या हातात देता येते. नक्कल नाही, तीच लाइन. म्हणजे जुना जाणार, नवा येणार, आणि वॉर्डातल्या टर्मिनलला पत्ताच नाही. इतकी वर्षं हे त्या मशीनमध्ये होतं आणि मी रोज तिच्याशेजारी बसून डबा खात होतो.

४ नोव्हें.

प्रोग्राम प्रत्येक उघड्या लाइनीला एक नंबर देतो. लॅबची सात. म्हणून नव्या प्रोग्रामला निरोप धाडला: सात घे. त्याने घेतली, स्वतःची सात. ती निघाली त्याच्या नोंदवहीच्या फाइलची. लॅबला जायचं उत्तर त्याने इमानाने नोंदवहीत लिहून ठेवलं.

नंबर ज्याचा त्याच्यापुरता. हाडांच्या ओपीडीतलं सात नंबरचं टोकन घेऊन डोळ्यांच्या खिडकीत गेलं तर भलत्याचाच डोळा तपासतील. हे रोज समोर बघतो आणि तरीही...

६ नोव्हें.

जेवताना बाबांना सांगितलं. बाबा गिरणीच्या साळखात्यात वीस वर्षं साचे, म्हणजे विणायचे माग, चालवत होते, ब्याऐंशीच्या संपापर्यंत. नंतर गिरणीच उघडली नाही. हसले. "साचो थांबवन बदली करतत काय रे?"

त्यांच्याकडे पाळी बदलायची ती साचा चालू ठेवून. येणारा भोंग्याच्या आधी येऊन शेजारी उभा राहायचा. नंबर सांगून भागत नसे, साच्यावर हात ठेवून द्यायचं. "त्याचो हात लागल्याशिवाय आपलो सोडूचो नाय."

मॅन्युअलची अडीच पानं एका वाक्यात. आधी विचारलं असतं तर दोन दिवस वाचले असते, पण मग मी शिकलेला कसला.

७ नोव्हें.

जमलं. लाइन पाकिटात घालून कर्नलच्या, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्रामच्या, हवाली करायची. तो पलीकडे पोचवतो आणि तिथे नवा नंबर लावतो. इथून सात निघाली, तिथे चार झाली. लाइन तीच. एक खोच: रिकामं पाकीट जात नाही. लाइनीसोबत निदान एक अक्षर लागतंच. मी एक्स टाकला, नुसता जागा भरायला. सरकारी खात्यात शोभेल.

गंमत अशी, की पाकीट वाटेत असताना जुन्याने आपली बाजू बंद केली आणि नव्याने अजून उघडली नाही, तरी लाइन जिवंत राहते. कोणाच्याच हातात नाही, तरी चालू. मुद्दाम तीन वेळा करून पाहिलं. कामासाठी नव्हे.

८ नोव्हें., शनिवार

दुपारी दोन. अकरा लाइनी. एकही तुटली नाही. तांडेलबाईंना कळलंसुद्धा नाही. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडून मिळणार नाही. सु. साहेबांनी स्वतःचं अभिनंदन केलं.

१० नोव्हें.

तांडेलबाईंना मेमो. शनिवारी दोनच्या सुमाराचा बायकांच्या वॉर्डातला रिपोर्ट: हिमोग्लोबिन १.४. डॉक्टरांनी धावपळ करून रक्ताच्या बाटल्या मागवल्या. लावायला गेले तर पेशंट खाटेवर बसून शेजारणीशी भांडत होती. एवढ्या रक्तात माणूस भांडत नाही म्हणून पुन्हा तपासलं. ११.४.

बाई म्हणतात, मी अकरा टाइप केलं, पडद्यावर अकराच होतं. मेमोत "निष्काळजीपणा". आणखी एक चूक झाली तर लॅबमधून तळघरातल्या रेकॉर्डला. अठरा वर्षं सूक्ष्मदर्शकावर बसलेली बाई.

दोनच्या सुमाराला. तेव्हाच मी लाइनी हलवत होतो.

१२ नोव्हें.

सापडलं. स्वतः टाइप केलं: १. मग बदली केली. मग पुढचं: १.४. रिपोर्ट आला १.४.

पेशंट कोण, तपासणी कुठली, हे सगळं नव्याला लिहून दिलं होतं. पण जुन्याने वाचून घेतलेला तो पहिला एक त्याच्याच पोटात राहिला, आणि तो पोटासकट गेला. लाइन पोचली, अर्धं वाक्य नाही.

बाबांना विचारलं, साच्यासोबत आणखी काय द्यायचात? म्हणाले, तोंडाने सांगायचं, डावीकडची तार सैल आहे, धोटा अडकतोय. मग आपणहून एक सांगितलं. संपाच्या आदल्या वर्षी एकदा घाईत त्यांच्याकडूनच सांगायचं राहिलं. कापड फाटकं निघालं. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, साचा हातात घेतलेल्या बदलीवाल्याला उभं केलं आणि त्याचा बदलीचा पास काढून घेतला. "मी थयच होतंय. मी काय बोलूक नाय."

त्याचं नाव विचारलं. बाबांना गावासकट आठवतं.

१४ नोव्हें.

दुरुस्ती झाली. एक्सच्या जागी आता अर्धवट मजकूर जातो, लाइनीच्याच पाकिटात. माझ्या मशीनवर वीस वेळा ११.४.

सु. साहेबांना पत्र लिहिलं. "चूक श्रीमती तांडेल यांची नसून माझ्या प्रोग्रामची आहे." या वाक्यात एकही कोटी नाही. लिहायला त्रास झाला.

१७ नोव्हें.

सु. साहेबांनी पत्र वाचलं, ट्रेमध्ये ठेवलं, परत काढलं. "सावंत, हे तुम्हाला लिहायलाच हवं होतं का?" शुक्रवारी चौकशी, दोघांचीही. मेमो तोवर कायम.

१८ नोव्हें.

आणखी एक. हे आज सुचलं, आणि मॅन्युअलमध्ये कुठेच नाही. पाकीट भरतो तो जुना. वॉर्डात चालू आहे तो चुकीचा प्रोग्राम. म्हणजे दुरुस्त प्रोग्राम चढवायचा तर लाइनी त्याच्या हातात देणार तो चुकणाराच. एकदा, शेवटचं. त्या क्षणी अकरापैकी कोणीही टाइप करत असेल तर पुन्हा कोणाच्या तरी रिपोर्टाचा पहिला आकडा गिळला जाईल. दिवसभर याच्याभोवती फिरलो. यंत्राकडे याला उपाय नाही.

२० नोव्हें.

लॅबमध्ये जाऊन तांडेलबाईंना सगळं सांगितलं, चुकणाऱ्याचंही. काचपट्टी बाजूला न ठेवता ऐकलं. म्हणाल्या, "म्हणजे शनिवारी दोनला सगळ्यांनी हात वर करायचे. मी फिरते वॉर्डात. माझं ऐकतात." थोड्या वेळाने: "पण सावंत, शुक्रवारी तुम्हालाच काढलं तर शनिवारी खाली कोण बसणार?"

मी म्हटलं, बघू.

"हात किती वेळ वर?"

"पाच सेकंद."

"आणि त्यांची चौकशी?"

तिला किती लागतात ते मला ठाऊक नाही, म्हटलं. बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लागल्या. मी खाली येऊन दुरुस्त प्रोग्रामची टेप काढली, आणि कोण, कधी, काय करायचं ते सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहून टेपला जोडलं. कागदावर नाव कोणाचं घालायचं ते अजून...