कल्पनाच्या एसीवर वाढलेलं अळू

गुडगाव, सोमवार
(तिथी लिहिली असती, पण पंचांग कूलरच्या पायाखाली ठेवलंय. ते काढलं की कूलर नाचतो.)

ती. अक्कास धाकट्या सुमित्राचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? तुमच्या चिपळुणात आता पागोळ्या लागल्या असतील. इकडे लू म्हणतात ती भाजणारी झळ संपली आणि पूर्वेचा वारा सुरू झालाय. त्याने नुसता घाम निथळतो, आणि हवाच ओली झाल्यावर कूलर काय करणार बापडा, तो ओल्या गवताचा वास तेवढा तोंडावर मारतो. बाकी माझा श्रीपाद, सूनबाई विनया, नात मयुरा खुशाल आहेत. मी खुशाल नाही. दुखतखुपत काही नाही, पण मला राग आलेला आहे आणि तो चार दिवस झाले तरी उतरत नाही. फोन करणार होते, पण एसटीडी लावला की श्रीपाद घड्याळ धरून समोर उभा राहतो, आणि हा राग तीन मिनिटांत मावणारा नाही. तेव्हा लिहिते. चौथीतल्या बाईंनी माझ्या अक्षराला कावळ्याचे पाय म्हटलं होतं, तेव्हा चष्मा लावून वाच.

आपल्या आईचं मोरीमागचं अळू तुला आठवतंय ना, काळ्या देठाचं? दोन वर्षांपूर्वी मी इकडे यायला निघाले तेव्हा तू त्याचे तीन कंद ओल्या फडक्यात बांधून दिलेस. ते मी गाडीत दीड दिवस मांडीवर घेऊन बसले होते. (समोरच्या बाईला वाटलं देव आहेत. तिने नमस्कार केला, मी करू दिला.) आमचं घर तळमजल्याचं, मागे चार हात माती आहे. पण इथलं पाणी बोअरचं, खारट. दोन कंद त्याने महिन्यात जळाले. तिसरा तेलाच्या डब्यात लावला होता, तोही मान टाकून बसला. आणि एके दिवशी बघते तर डब्यात वरून थेंब पडतायत, टप टप टप, आणि पठ्ठ्याने नवं पान काढलेलं! वर कल्पना राहते. तिच्या एसीचं ते पाणी. मी बोटावर घेऊन चाखलं. अक्का, गोडं पाणी, अगदी आपल्या विहिरीचं. मी लगेच डबा बरोब्बर त्या धारेखाली सरकवला. मग त्याला पिल्लं फुटली. दोन वर्षांत अकरा डबे झाले, पानं सुपाएवढी. आईची मोरी काय आणि कल्पनाचा एसी काय, अळूला दोन्ही सारखंच.

आता ही कल्पना कोण ते सांगते, कारण सगळा राग तिच्यावर आहे. तिचा नवरा हरीश, करोल बागेत गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. माणूस बरा आहे, बोलत नाही, बोलायची सोयच नाही त्याची. तिथली गल्ली सोडून दोघं इथे नव्या फ्लॅटमध्ये आली आणि बाईंना बागेचा नाद लागला. आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी अठरा बायका खाली हिरवळीवर खुर्च्या टाकून बसतात आणि या आठवड्यात माझ्याकडे काय फुललं ते एकेकीने सांगायचं. मला हे फार आवडतं, खोटं कशाला बोलू. कोणाचा मोगरा, कोणाची झिनिया, कोणाचं ऑफिसटाइम (आपलं दहाला उमलतं, त्याला इथे नौ बजिया म्हणतात, म्हणजे दिल्लीची फुलं आपल्यापेक्षा तासभर आधी कामाला लागतात). रस्त्याकडेच्या बहाव्यालासुद्धा कोणीतरी आपला म्हणून सांगून घेतं. माझी पाळी आली की मी म्हणायची, अळू. मेलं फुलत नाही, पण पान बघा. तर गेल्या महिन्यात ही सगळ्यांसमोर म्हणते कशी, "आंटीजी, इसकी तो अरबी खाते हैं। पत्ता तो भैंस भी सूँघकर छोड़ दे!" (अरबी म्हणजे आपल्या अळकुड्या.) सतरा जणी हसल्या. माझ्या आईचं अळू आणि म्हैस! मी तिथल्या तिथे उभी राहिले आणि सांगितलं, जूनच्या शेवटच्या गुरुवारी सगळ्या जणींना अळूवड्या खिलाऊँगी, फिर बताना भैंस का.

शब्द दिला. पानं होती. आणि बरोब्बर दहा दिवस आधी ही बया सिमल्याला निघाली. बरं जावं, माझी ना नाही, पण जाताना एसी बंद करून गेली! वर घराची किल्ली माझ्याच हातात ठेवली, माझ्या झाडांना पाणी घाला म्हणून. तिच्या झाडांना पाणी, आणि माझ्या झाडांचं पाणी तोडून गेली. दुसऱ्या दिवशी पानं कडेने पिवळी. तिसऱ्या दिवशी देठ वाकले. मी प्यायच्या मडक्यातलं घालून पाहिलं, पण अकरा डबे, किती पुरणार? विनया म्हणाली, आई, टँकर आला नाहीये, माणसांना आधी. श्रीपादला सांगितलं तर तो हसला. (हा जून महिन्यात स्वेटर घालून हापिसला जातो, तिथल्या काचेच्या इमारतीत म्हणे थंडी वाजते. याला तहान काय कळणार.)

मग चौथ्या दिवशी दुपारी मी वर गेले. तिची झाडं म्हणजे खिडकीत सात काटेवाले गोळे, एवढीएवढीशी, डोक्यावर लाल टोपी. मी त्यांना सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालत होते. उन्हाळ्यात कोणाला तहानलेलं ठेवावं का? आणि मग समोर तो एसी दिसला. बटण कसं फिरवायचं ते मला ठाऊक होतं, कारण नवीन घेतला तेव्हा कल्पनाने सगळ्या सोसायटीला बोलावून दाखवलं होतं. फिरवलं. खाली जाऊन पाहिलं, टप टप सुरू! अक्का, डोळ्यांत पाणी आलं गं. पण परक्याच्या घरात यंत्र चालू टाकून खाली कसं बसायचं, काही पेट घेतलं तर? म्हणून मी रोज बारा ते पाच वर थांबायची. राखणीला. एवढंच. मला त्या गार हवेचं काडीचं कौतुक नाही, तुला माहीत आहे. गेल्या वर्षी श्रीपादने माझ्या खोलीत एसी लावायचा विषय काढला तेव्हा मी विनयासमोर, मयुरासमोर आणि दुकानातून आलेल्या माणसासमोर स्वच्छ सांगितलं, माझ्या जिवात जीव असेतो तो डबा या घरात येणार नाही, माणसांना काय भाजीसारखं गार ठेवायचं आहे? मयुराला ते वाक्य तोंडपाठ आहे. पाहुणे आले की म्हणून दाखवते.

तर बुधवारी दुपारी ही दोघं एक दिवस आधीच परत आली. मी तिच्या पलंगाच्या कडेला टेकून डोळे मिटून नामस्मरण करत होते. एखादीने पाया पडून विचारलं असतं, आंटीजी, आप ठीक तो हैं? हिने किंकाळी फोडली. मग हरीशने फोडली. मग मी फोडली, एकटीच गप्प कशाला राहू. त्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. ते काटेवाले गोळे नासक्या लिंबांसारखे बसले होते. आता पाण्याने मरणारं झाड कोणी पाळावं तरी का? ती म्हणे त्यांना महिन्यातून एकदा पाणी लागतं. मग दहा दिवसांसाठी किल्ली का दिलीस, भवाने? हे मी मराठीत विचारलं, म्हणून तेवढं निभावलं.

गुरुवारी मी वड्या केल्या. चिंच, गूळ, बेसन, उंडे उकडून खरपूस तळले, दोन परातीभर. हिरवळीवर नेल्या. आधी पाळीपाळीने सांगायचं होतं, काय फुललं. पाळी कल्पनाची आली. ती उठली, पदर सावरला, आणि म्हणाली, "मेरे यहाँ? मेरे यहाँ तो इस बार आंटीजी खिली हुई मिलीं, हमारे बेडरूम में!" आणि पुढे हातवारे करून सगळं सांगितलं, ते मी लिहिणार नाही, सगळं खोटं आहे. बायका खुर्च्यांवरून पडायच्या बाकी होत्या. अक्का, सासरी सव्वीस माणसांत राहिले, पण अशी आग कधी झाली नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मी उठले. परात फिरवली. हळूहळू हसणं थांबलं, कारण तोंडं भरली होती. दोन्ही पराती चाटूनपुसून गेल्या. कल्पनाने एकटीने अकरा खाल्ल्या, मी मोजल्या. आणि वर मला विचारते, आंटीजी, इसका एक कंद मिलेगा? मी म्हटलं, म्हशीला विचारून सांगते. तिच्याशी आता बोलणं बंद. किल्लीही परत केली. या बाईला माझ्या आईच्या अळूचा कंद जन्मात मिळणार नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. राग थोडा उतरला. घाम तेवढा उतरत नाही.

तुझी धाकटी,
सुमित्रा

ता. क. तुझ्यापाशी लपवून काय करू. नामस्मरण पहिल्या दिवशी केलं. बुधवारी मी तिचं हिवाळ्याचं जाडं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घोरत होते आणि कवळी तिच्या काचेच्या पेल्यात ठेवली होती. त्यांनी तीनदा बेल वाजवली म्हणे. अक्का, अशी झोप मला बारा वर्षांत लागली नव्हती.

ता. क. दुसरा. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं. श्रीपाद तुझा शब्द खाली पडू देत नाही. तू त्याला आपणहून पत्र लिही, की सुमीला दिल्लीची उमस सोसणार नाही, तिच्या खोलीत एसी लाव, नाही म्हणाली तर ऐकू नकोस. मी नाही म्हणेनच, दोन दिवस. मग तुझा मान म्हणून ऐकेन. माझं नाव काढू नकोस, मयुराचं पाठांतर अजून पक्कं आहे.

ता. क. तिसरा. कंद दिला तिला. छोटा. तिचा एसी सुरू झाल्यापासून नवी पानं फुटतायत, डबे तिच्याच धारेखाली आहेत, काय करणार.

ता. क. शेवटचा. माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता घालायला हे श्रीपादच्याच हातात द्यावं लागणार आहे. श्रीपाद, आईचं पत्र उघडून वाचत असशील तर लाज वाटू दे. आणि एसीची नळी अळूच्या बाजूने काढ.