विलंबशुल्क वगळून सर्व काही ताईला

मी, तिसऱ्या मजल्यावर जिन्यासमोर राहणारा संस्कृतचा शिक्षक, वय वर्षे चौपन्न, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो. (ताई शेजारी बसून "आटप रे लवकर" म्हणते आहे, तो दबाव धरू नये.) माझी बुद्धी शाबूत असल्याचा निर्वाळा तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ भरता भरता दिला आहे. तूर्त मरण्याचा बेत नाही.

१. राहते घर माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, मिळावे. अडचण एकच. 'येणे बाकी नाही' असा सोसायटीचा दाखला असल्याशिवाय घर तिच्या नावावर चढणार नाही, आणि माझ्या नावावर विलंबशुल्क व वकिलाच्या नोटिशीचा खर्च उभा आहे. देह नश्वर आहे. विलंबशुल्क अनादी नसले तरी अनंत आहे.

२. ते मी देणे लागत नाही. जिन्याखाली पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. मुळात डावी वर्गणीची, उजवी सूचनांची. चार वर्षांपूर्वी रंगाऱ्याने जिन्याबरोबर पेट्यांवरची अक्षरेही रंगवून टाकली आणि पेट्या उलट टांगल्या. बाकीचे सभासद फोनवरून पैसे भरतात. धनादेश लिहिणारा मी एकटाच. त्या वर्षीचा धनादेश सवयीने डावीकडेच टाकला, तो सूचनापेटीत पडला. सूचनापेटी वार्षिक सभेतच उघडायची असा नियम. तो विषय यादीत शेवटचा, आणि सभा त्याआधीच चहाला उठते. सहा वर्षांत ती पेटी उघडलेली नाही.

सचिव समोरच्याच दारात राहतात. त्यांना म्हटले, "अहो, पेटी उघडा की."

"मास्तर, नियम म्हणजे नियम. सभेत मांडा."

"मांडतो, पण तुम्ही चहा लवकर आणता ना!"

यावर त्यांनी चार पावलांवरून वकिलाची नोटीस टपालाने पाठवली.

ताई म्हणते, "भरून टाक आणि मोकळा हो." मूळ वर्गणी मी दुसऱ्या धनादेशाने दिली आहे. दंड भरला तर चूक कबूल केल्यासारखे होईल. ताईनेही तो माझ्या पश्चात भरू नये.

३. शब्दकोशाचे खंड ताईला. त्यांवर उभी राहून ती माळ्यावरचे डबे काढते, ते बंद करावे. शिडीही तिलाच देत आहे. रंगाऱ्यासाठी नेलेली ती शिडी अद्याप सचिवांकडे आहे. तिच्यावर मी विलंबशुल्क लावलेले नाही, याची नोंद घ्यावी.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे कायदा सांगतो म्हणे. म्हणून सचिवांना साक्षीदार केले आहे.

पुरवणी, त्याच दिवशी: साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, असे सांगूनही सचिवांनी सगळे वाचले. चौथ्या कलमाशी त्यांना हसू आवरेना. "काय मास्तर!" म्हणत ते चावी घेऊन खाली गेले आणि सभेची वाट न पाहता पेटी उघडली. माझा धनादेश निघाला. त्याच्याखाली एक जुनी चिठ्ठी होती, ते सचिव होण्यापूर्वीची, त्यांच्याच अक्षरात: 'वर्गणी दिसली नाही तर आधी बेल वाजवून विचारावे, मग दंड लावावा.'

सचिव वर आले. दार उघडे असूनही त्यांनी बेल वाजवली.

"मास्तर, वर्गणी राहिली आहे का हो?"

"नाही."

"मग दंड नाही. नोटिशीचा खर्चही नाही."

दाखला सोबत जोडला आहे. चौथे कलम रद्द, साक्षीदार तेच.

स्थळ: तिसरा मजला, पुढची खोली
दिनांक: वार्षिक सभेआधीचा रविवार

सही: मास्तर

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, तळमजला
२. सचिव, समोरचे दार (शिडी परत केली)